टाकीखालची रबरं

गेल्या वर्षी पोळ्याच्या करीला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, देवळीच्या अलीकडच्या गतिरोधकावर माझ्या वडिलांच्या मोटारसायकलची पेट्रोलटाकी जागेवरून सुटली आणि त्यांच्या मांडीवर आली. आई मागे बसली होती. तिच्या हातात पुरणपोळ्यांचा डबा होता. इजा कुणालाही झाली नाही. पुरणपोळ्यांना पेट्रोलचा वास लागला.

मी त्या वेळी नागपूरला होते. पुढचा तपशील दोघांकडून वेगवेगळा ऐकलेला आहे आणि दोघांचं जिथे जुळतं तेवढाच इथे घेतला आहे. टाकी सुटली तशी पेट्रोलची नळी कॉकपासून निसटली. वडिलांनी इंजिन बंद केलं आणि टाकी दोन्ही हातांनी छातीशी धरून ते रस्त्याच्या कडेला उभे राहिले. आई खाली उतरली. गाडी थांबल्यावर उतरली असं वडील म्हणतात. थांबायच्या आधी उतरली असं आई म्हणते. टाकी पडली असं आईचं म्हणणं आहे. वडिलांच्या मते ती सरकली. या मुद्द्यावर दोन्ही बाजू आजही ठाम आहेत.

आईने मागून आलेल्या एसटीला हात दाखवला आणि डब्यासकट ती एकटीच नाचणगावला माहेरी गेली. वडिलांनी खांद्यावरच्या दुपट्ट्याने टाकी फ्रेमला बांधली, इंजिन गार होईपर्यंत एका बाभळीखाली थांबले आणि पहिल्या गिअरवर सिंदी मेघेला घरी परत आले. नाचणगावला जेवणं झाली. मामाने दुसरी पोळी घेताना विचारलं, "आक्का, औंदा पुरनात काय घातलं व?"

आई म्हणाली, "तुह्या भाऊजीची फटफटी."

संध्याकाळी परतल्यावर तिने उंबऱ्यातूनच निकाल जाहीर केला. "आता मी यष्टीनं जाईन. दरसाली. तुमी अन् तुमची टाकी जा संग."

वडिलांनी ते ऐकलं आणि हातपाय धुवायला गेले.

हा निकाल किती मोठा होता, हे घराबाहेरच्या माणसाला सांगावं लागेल. ती मोटारसायकल वडिलांनी लग्न झालं त्या वर्षी घेतली, तीही दुसऱ्याची वापरलेली. बनवणारी कंपनी कधीच बंद पडली आहे. वावरातली भाजी वर्ध्याच्या बाजारात न्यायला वडिलांकडे स्कूटर आहे. आई दवाखान्याला, लग्नाकार्याला, बँकेत ऑटोने जाते. वर्षभर ती मोटारसायकल रिकाम्या गोठ्यात उभी असते आणि वर्षातून एकदा, पोळ्याच्या करीला, आई तिच्यावर बसून माहेरी जाते. लग्नानंतरच्या पहिल्या पोळ्यापासून हे चालू होतं. वडील बायकोला फिरायला नेणाऱ्यांपैकी नाहीत. गजरा आणणाऱ्यांपैकी तर नाहीतच. त्यांनी आईसाठी जे काही केलं असेल ते त्या एका रस्त्यावर, पाठ तिच्याकडे करून केलं.

निकालानंतर वडिलांनी तो विषय काढला नाही. उन्हाळ्यात एकदा मी घरी आले होते. ते गोठ्यात फटफटी पुसत होते. मला पाहून म्हणाले, "थे नाई बसली त मंग हे ठेवाची कायले?"

ते पुसत राहिले.

*

टाकी कशी बसवलेली असते ते सांगणं आवश्यक आहे. तिच्या पोटाखाली पुढच्या बाजूला दोन वाट्या असतात. फ्रेमच्या नळीवर दोन्हीकडे एकेक जाड गोल रबर बसवलेलं असतं. टाकी मागून पुढे ढकलली की वाट्या त्या रबरांवर घट्ट चढतात. मागच्या टोकाला एक बोल्ट, त्याच्या वर-खाली रबराच्या चकत्या. सगळी टाकी या रबरांवर तोललेली असते. रबर शाबूत असेल तर टाकी हलत नाही आणि इंजिनाचा धक्का पत्र्याला लागत नाही. रबर गेलं की टाकी आधी खडखडते, मग सरकते. आई म्हणते तो तिसरा टप्पा वर आलेला आहे.

आमच्या फटफटीची रबरं दरवर्षी जात. पोळ्याच्या सुमारास ती मऊ पडायची, फुगायची आणि दिवाळीपर्यंत बोटाने तुटायची. मूळ रबरं मिळणं बंद झालं होतं, निदान वडिलांचं तसं मत होतं, म्हणून त्यांनी उपलब्ध साहित्यातून मार्ग काढला. सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळून झाल्या. चपलेचा तळवा कापून झाला. एकदा कुकरची जुनी रिंग कापून बसवली, ती जुनी नव्हती हे नंतर कळलं. त्या आठवड्यात आई म्हणाली, "कुकरची शिट्टी वाजत नाई अन् गाडीची टाकी वाजून राह्यली." गेल्या वर्षी ठिबकच्या नळ्यांना लावतात ती काळी रबरी ग्रोमेटं चढवलेली होती. वांग्याला पाणी देण्यासाठी ती उत्तम आहेत.

रबरं का जातात याचं वडिलांकडे स्पष्टीकरण होतं. ते म्हणजे इथेनॉल. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळायला लागल्यापासून रबर टिकत नाही, असं ते चौकातल्या चहाच्या टपरीवर सांगत आणि टपरीवर या मताला कुणीही विरोध करत नसे. त्याआधीच्या वर्षांतली रबरं कशाने गेली, हा प्रश्न कुणी विचारला नाही. वडिलांकडे पुरावाही होता. पोळा झाला की काही दिवस टाकीला मुंग्या लागत. पुढच्या बाजूला, टाकीच्या पोटाखाली, रांग लागलेली असे.

"आता सांग," वडील म्हणायचे, "पेट्रोलले कदी मुंग्या लागल्या का? इथेनॉल कायचं बनते? उसाचं. आलं का ध्यानात?"

टपरीवर सगळ्यांच्या ध्यानात आलं. शेजारच्या गल्लीतला एक जण स्वतःच्या नव्या मोटारसायकलवर मुंग्या शोधायला गेला. मिळाल्या नाहीत. त्याची गाडी मायलेज जास्त देते, तिथे गोडवा उरत नसेल, असा निष्कर्ष निघाला. इथेनॉलवर आरोप ठेवणं सोपं होतं. ते बाजू मांडायला येत नव्हतं.

*

या वर्षी पोळ्याच्या आधी मी नागपूरच्या जुन्या पार्टच्या बाजारात गेले. तिथे त्या फटफटीची रबरं एका फडताळात पिशवीत भरून पडलेली होती. कुणीतरी जुन्या मापाने नव्याने पाडलेली. मिळत नाहीत हे वडिलांचं मत त्यांनी कधी विचारून न पाहण्यावर आधारलेलं होतं. दुकानदाराने पुढचा जोड आणि मागच्या चकत्या कागदात गुंडाळल्या आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे बघतच म्हणाला, "बसवतानी साबनाचं पानी लावजा. तेल-ग्रीस बिलकुल नाई. घसरते, अन् मंग मेनावानी होते."

पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी वडिलांनी आणि मी काम काढलं. गोठ्यात आता बैल नाहीत. शेताचा मोठा भाग घरांच्या लेआउटमध्ये गेला, उरलेल्या तुकड्याला भाड्याचा ट्रॅक्टर पुरतो, म्हणून जोडी विकली. गव्हाण अजून आहे. तिच्यात ठिबकच्या नळ्यांची वेटोळी ठेवलेली असतात आणि तिच्याकडे तोंड करून, बैल उभे राहायचे त्याच जागी, फटफटी उभी असते.

कॉक बंद केला. नळी काढली. सीट काढली. मागचा बोल्ट पान्याने सोडवला. टाकी मागे ओढून उचलली आणि पोत्यावर ठेवली. वडील प्रत्येक पायरीला मला सावध करत होते आणि प्रत्येक पायरी स्वतःच करत होते. फ्रेमवरची ठिबकची ग्रोमेटं निघाली ती ओढून नाही, पुसून. बोटांना चिकटली. आतून ती काळी राहिलेली नव्हती. पिवळी झाली होती.

"पाय," वडील म्हणाले. "इथेनॉल."

मी वास घेतला. पेट्रोलचा होता, पण एकटा नव्हता. आई भाजी निवडत ओट्यावर बसली होती. तिच्यासमोर तुकडा धरला. तिने मान मागे न घेता वास घेतला. स्वयंपाकघरात आयुष्य गेलेल्या बाईचं नाक आहे ते.

"याले त तुपाचा वास येते," ती म्हणाली.

"ऊस हाय ना तो," वडील म्हणाले.

"उसाले तुपाचा वास?"

"सडल्यावर येत असन."

आईने भाजीकडे पाहिलं. चर्चा तिथे थांबली.

फ्रेम चिंधीने कोरडी केली. वाटीत साबण विरघळवला, नवी रबरं त्यात बुडवली आणि फ्रेमवरच्या खुंट्यांवर चढवली. ती सहज चढली नाहीत, हे चांगलं लक्षण होतं. वडिलांना थोडं तेल लावायचं होतं. मी दुकानदाराचं म्हणणं सांगितलं. ते म्हणाले, "दुकानदाराले पुन्हा इकाचे असतीन त तो तेल लाव म्हनन, लावू नोको काऊन म्हनन?" आणि या युक्तिवादातून दुकानदाराचं म्हणणं खरं असल्याचं त्यांनीच सिद्ध केलं, म्हणून तेल लावायचं राहिलं. टाकी फ्रेमवर ठेवून आम्ही दोघांनी मागून पुढे रेटली. वाट्या रबरांवर चढल्या तेव्हा दबका आवाज आला. मागे चकती, टाकीचा कान, वर दुसरी चकती, वायसर, बोल्ट. चकती जराशी दबेपर्यंत आवळला, चेंगरेपर्यंत नाही. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहिलं, टाकीला लागत नव्हतं. नळी चढवली, कॉक उघडला. गळती नव्हती.

वडिलांनी ओट्याकडे न बघता मोठ्याने सांगितलं, "झालं."

आई आली. कलिंगड घेताना ते घेण्यालायक नाही असं आधीच ठरवून बाई जसं थोपटते, तसं तिने टाकीला थोपटलं. मग दोन्ही हातांनी धरून हलवलं. मग पदर खोचला आणि पुन्हा हलवलं. टाकी हलली नाही. तिच्याबरोबर अख्खी फटफटी हलली.

"पाहू," ती म्हणाली.

"आता काय पाहाचं राह्यलं?"

"कर परवा हाय. परवाच्या दिवशी पाहू."

ती आत गेली. वडिलांनी पाना पुसला, ठेवला, पुन्हा उचलला आणि पुन्हा पुसला.

*

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू वाहून कडक झालेल्या खांद्यावर गरम तूप आणि हळद पळसाच्या पानाने लावून चोळायची आणि बैलाला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण द्यायचं. आमच्याकडे हे काम मोठेबाबांचं. मोठेबाबा म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, राहायला शेजारच्याच घरात. जोडी त्यांच्या हाताखालची होती. जोडी विकली त्या वर्षी खांदशेकणीच्या संध्याकाळी ते तुपाची वाटी घेऊन सवयीने गोठ्यात आले, तिथे फटफटी उभी होती, आणि वाटी परत न्यायची नाही म्हणून त्यांनी फटफटी शेकली. तेव्हापासून दरवर्षी.

मोठेबाबा वरवरचं काम करणारे नाहीत. फटफटीचा त्यांनी पूर्ण विचार केलेला होता. हँडल म्हणजे शिंगं. पोळ्याला त्यांना लाल हिंगूळ लागतो आणि टोकांना गोंडे. पुढचा दिवा म्हणजे डोळे, दोन्ही मिळून एक. टाकी म्हणजे वशिंड. तिच्यावर जुन्या बैलाची झूल चढते, मापाला बरोबर बसते. शेपटीबाबत एकमत झालेलं नाही आणि सायलेन्सरचा विषय घरातल्या बायकांसमोर निघत नाही. वशिंडाच्या पुढे, खाली, खांदा. तेव्हा गरम तूप आणि हळद टाकीच्या पुढच्या टोकाखाली, हात आत घालून, दोन्ही बाजूंनी, सढळ हाताने.

हे दरवर्षी सगळ्यांसमोर होत असे. मी लहानपणापासून बैलांचं आणि नंतर फटफटीचं पाहत आले होते. आम्ही त्याची नोंद सण म्हणून केली होती, वंगण म्हणून केली नव्हती.

या वर्षी मोठेबाबा आले तेव्हा मी गोठ्यातच होते. वाटीतून वाफ निघत होती. त्यांनी पळसाचं पान दुमडलं, तुपात बुडवलं आणि टाकीखाली हात घालायला वाकले. पान पिवळं झालं होतं. सकाळच्या रबराचाही रंग तोच होता.

"मोठेबाबा, थांबा."

"काऊन? सुतक हाय का?"

"टाकीखाली तूप नका लावू. तुपानं रबर खराब होते."

"इतके वर्स लावलं."

"इतके वर्स टाकी हालली."

वडील दारात उभे होते. त्यांनी पानाकडे पाहिलं, मग टाकीकडे.

"म्हंजे इथेनॉल नाई?" ते म्हणाले.

"मुंग्या उसाच्या नोत्या म्हना," आतून आई म्हणाली.

मोठेबाबा सरळ उभे राहिले. त्यांना वेळ लागला, कंबर दुखते. "म्हंजे टाकी म्या पाडली?"

"सरकली," वडील म्हणाले. या एका मुद्द्यावर ते कुठल्याही प्रसंगी मागे हटत नाहीत.

"जोडी इकली तवा म्या काई बोललो का? नाई बोललो. या लोखंडाले बैल मानलं म्या. दरसाली आवतन देल्लं. आता थेही नोको?" त्यांनी वाटी गव्हाणीच्या काठावर ठेवली. "इकून टाका मंग ह्याही बैलाले."

आमच्या घरात मोठेबाबांना नाही म्हणायची पद्धत नाही. वडील साठी ओलांडलेले आहेत आणि अजून थोरल्या भावासमोर बाजेवर बसत नाहीत. तूप लावू दिलं तर करीला आई एसटीने जाणार, या वर्षी आणि पुढे. लावू दिलं नाही तर मोठेबाबा पोळ्याला आमच्या अंगणात येणार नाहीत, आणि त्यांनी असं एकदा ठरवलं की ते कित्येक वर्षं पाळतात. पूर्वीची उदाहरणं आहेत. वडिलांनी दोन्हीकडे पाहिलं आणि नंतर खाली.

मी पर्याय सुचवले. हँडलला लावा म्हटलं.

"शिंगाले तूप लावतेत का?" मोठेबाबा.

दिव्याला?

"डोयात तूप घालू?"

चाकाला, असं वडील म्हणाले. तेही रबरच आहे, असं मी म्हटलं. मग सीटला, असं मोठेबाबा स्वतःच म्हणाले. थोडं नमतं घेतलं होतं त्यांनी.

"अन् मी बसू कुठी?" आतून आवाज आला.

वडिलांनी मान वर केली. बसण्याची भाषा वर्षभरात पहिल्यांदा झाली होती.

आई डोक्यावर पदर घेऊन बाहेर आली. ती भासऱ्यांशी थेट बोलत नाही. तिच्या पिढीत नवऱ्याच्या थोरल्या भावाशी कुणी बोलत नसे. जे सांगायचं ते मधल्या माणसाला सांगायचं. मधलं माणूस मी होते, पण ती बोलली फटफटीच्या दिव्याकडे पाहून.

"त्यायले म्हना, खांदा कोनाचा शेकाचा असते?"

मोठेबाबांनी उत्तरही दिव्यालाच दिलं. "जो वढते त्याचा."

"मंग हे फटफटी काय वढते? सालातून एकडाव नाचनगाव. थेही बंद पडली का ढकलाले लागते. कोन ढकलते? वांग्याचे पोते कोन उचलते? रोज संध्याकायी खांद्याले मलम चोयून कोन कन्हत राह्यते?"

वडील म्हणाले, "एवढा काई दुखत नाई."

"बैलाले इचारून शेकतेत का?" आई दिव्याला म्हणाली.

मोठेबाबांनी फटफटीकडे पाहिलं. मग धाकट्या भावाकडे पाहिलं, खांद्यापासून खुरांपर्यंत, बाजारात पाहतात तसं. त्यांनी वाटी उचलली, बोट घालून गरमी पाहिली.

"सदरा काढ बे."

"दादा, शेजारचे पाहून राह्यले."

"बैलाले लाज नसते. काढ."

वडिलांनी सदरा काढला आणि गव्हाणीकडे तोंड करून बसले. मोठेबाबांनी पान तुपात बुडवून उजव्या खांद्यावर ठेवलं. वडील ओरडले. "गरम हाय!"

"गरमच पायजे. हाल नोको."

मग ते चोळायला लागले. ते बैल चोळणारे हात आहेत, माणसाचा अंदाज त्यांना नाही. वडील पुढे-मागे होत होते. काही वेळाने ओरडायचे थांबले. डोळे मिटले. मोठेबाबा मानेपासून खाली, आडवे, उभे, अंगठ्याने गाठ शोधत चोळत होते आणि मध्येमध्ये पुटपुटत होते: एवढी गाठ, ह्या बैलाले कोनी कामाले जुंपलं, खानं चांगलं हाय पन याचं. हळद पाठीवरून ओघळली. आई दारात उभी होती. तिने पदराचं टोक तोंडात धरलं होतं.

शेवटी मोठेबाबांनी पान खाली ठेवलं, तुपाचा हात वडिलांच्या डोक्याला पुसला आणि म्हणायचं असतं ते म्हटलं. "आज आवतन घे, उद्या जेवाले ये."

"पोयी हाय का?" वडिलांनी डोळे न उघडता विचारलं.

"बैल बोलत नाई," मोठेबाबा म्हणाले.

वडील उठून न्हाणीकडे निघाले. मोठेबाबांनी अडवलं. शेकलेल्या बैलाला उद्यापर्यंत पाणी लावत नाहीत. वडिलांनी तसाच सदरा घातला. मोठेबाबांनी रिकामी वाटी आईच्या दिशेने, पण आईकडे न बघता, ओट्यावर ठेवली आणि घरी गेले. जाताना टाकी हलवून पाहिली.

*

पोळा झाला. फटफटीच्या हँडलला हिंगूळ लागला, टाकीवर कोरडी झूल चढली. चौकातल्या तोरणाखाली एक जोडी आणि बरेच ट्रॅक्टर होते. वडिलांनी फटफटी ट्रॅक्टरांच्या रांगेत लावली. मोठेबाबांनी ती ढकलत जोडीच्या शेजारी नेली. वडील दुपारी आमच्याकडे जेवले आणि आवतण होतं म्हणून पुन्हा मोठेबाबांकडे जेवले.

करीच्या दिवशी सकाळी आई डबा घेऊन अंगणात आली. नवं लुगडं नव्हतं, गेल्या वर्षीचंच होतं. धुऊन वास गेलेला आहे, असं ती म्हणते. वडील फटफटीजवळ उभे होते, सदरा परवाचाच होता, इस्त्रीचा नव्हता. आईने डबा माझ्या हातात दिला. दोन्ही हातांनी टाकी धरून हलवली. वाकून टाकीखाली बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं.

"काई लावलं त नाई?"

"साबन," वडील म्हणाले.

तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

"डबा तू यष्टीनं आन," ती मला म्हणाली. "पुरनाचा भरोसा नाई ठेवत मी याच्यावर."

मग ती मागे बसली. एका हाताने सीटचं हँडल धरलं, दुसरा हात वडिलांच्या खांद्यावर ठेवला, काढला, पदराला पुसला आणि पुन्हा ठेवला. वडिलांनी किक मारली. गाडी सुरू झाली नाही. पुन्हा मारली. मोठेबाबा त्यांच्या अंगणातून काहीतरी ओरडले. मी डबा खाली ठेवून मागून धक्का दिला. गाडी सुरू झाली आणि थांबली नाही. वडिलांनी मागे वळून पाहिलं नाही. आईनेही पाहिलं नाही.

मी ऑटोने वर्ध्याच्या स्टँडवर गेले आणि पुलगावची एसटी धरली. गर्दी होती, डबा मांडीवर होता. देवळीच्या अलीकडच्या गतिरोधकावर बस हळू झाली. मी खिडकीतून पाहिलं. रस्त्यावर काही पडलेलं नव्हतं. बाभळीखाली कुणी नव्हतं.

नाचणगावला पोचले तेव्हा फटफटी मामाच्या अंगणात उभी होती. आई आत स्वयंपाकघरात होती. तिचा आवाज बाहेर येत होता, ती मामीला टाकी कशी पडली होती ते सांगत होती. वडील बाजेवर बनियनवर बसले होते आणि मामाला ती कशी सरकली होती ते सांगत होते. मी टाकी दोन्ही हातांनी धरून हलवली. हलली नाही. खाली वाकून पाहिलं. मुंग्या नव्हत्या.

वडिलांचा सदरा बाजेच्या पायथ्याला टाकलेला होता. त्याच्या उजव्या खांद्यावर होत्या.